चार क्रेडिटचा कागद आणि दोन महिन्यांचं काम

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्यात. बीएस्सीची पोरं घरी आलीत. त्यांच्याशी, त्यांच्या आईबापांशी आणि मुख्य म्हणजे माझ्याच पेशातल्या मंडळींशी थोडं स्पष्ट बोलायचंय. पोस्ट लांब आहे, पण सुट्टी आहे, वाचा.

पुढच्या मे-जूनमध्ये देशातल्या चांगल्या प्रयोगशाळांत कोणती पोरं बसून काम करणार, हे मे महिन्यात ठरत नाही. ते आत्ता ठरतंय. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादम्या मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, वर विद्यावेतन आणि जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं. त्याचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात. मुंबईच्या टीआयएफआरचा, पुण्याच्या आयुकाचा, एनसीआरएचा, बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरचा असे आणखी कार्यक्रम आहेत, त्यांचे अर्ज त्यानंतरच्या थंडीत येतात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ तर खास पदवीच्या पोरांसाठी २००४ पासून चालू आहे. यातल्या कुठल्याही ठिकाणी पोरांकडून फी घेत नाहीत. उलट पोरांनाच पैसे देतात, किंवा निदान राहण्याजेवण्याची सोय करतात.

आता माझा प्रश्न. तुमच्या तालुक्याच्या कॉलेजातल्या नोटीस बोर्डावर यातली एक तरी जाहिरात लागलीय का? जाऊन बघा. युवा महोत्सवाची नोटीस असेल, स्कॉलरशिपच्या फॉर्मची असेल, ‘७५ टक्के हजेरी नसल्यास’ वाली तर असणारच. ही नसेल.

मी एका तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट डोळ्यांनी बघितली. या जागा पुण्या-मुंबईच्या चार-दोन नामांकित कॉलेजांतल्या पोरांना मिळतात, कारण त्यांना सिनिअर सांगतात. तिथे तिसऱ्या वर्षाचा पोरगा पहिल्या वर्षाच्या पोराला कँटीनमध्ये सांगतो, ‘नोव्हेंबरमध्ये अकादमीचं भर, जानेवारीत टीआयएफआरचं बघ.’ आमच्याकडे सिनिअर सांगतो, ‘एमपीएससीचा क्लास कुठला चांगला.’ यात पोरांच्या डोक्यात काही कमी आहे असं मला एकदाही दिसलं नाही. कमी आहे ती सांगणाऱ्याची. आणि सांगण्याचं काम आमचं, मास्तर लोकांचं होतं.

खोडदचं उदाहरण घ्या. पुण्याच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यात जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वेळ मागून वापरतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. आजूबाजूच्या शाळांच्या गाड्या भरभरून येतात, पोरं तोंड वर करून तबकडी बघतात, फोटो काढतात. फार चांगली गोष्ट आहे. पण त्याच पोरांपैकी कुणी पुढे बीएस्सीला आलं, तर ‘आता तिथे जाऊन काम करता येतं, त्याचा अर्ज असा असतो’ हे त्याला कोण सांगतं? गावाच्या हद्दीत जगातली नावाजलेली दुर्बीण, आणि गावच्या पोराचा तिच्याशी संबंध सहलीपुरता. याचा राग यायला हवा. मला येतो.

आणि आता तर या सगळ्याला क्रेडिटचा नवा साज चढलाय. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीत इंटर्नशिप आणली. आपल्याकडे तिचं नाव ओजेटी, ऑन जॉब ट्रेनिंग. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या वर्षात चार क्रेडिटची. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तासांचं काम. कल्पना उत्तम. यूजीसीच्या मार्गदर्शक सूचनांत तर संशोधनाची इंटर्नशिपही स्पष्ट धरलीय. म्हणजे नियमानं दार उघडं केलं. आम्ही त्या दारात दुकान मांडू दिलं.

कसलं दुकान? तुमच्याही व्हॉट्सॲपवर आलं असेल. ‘ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप, पंधरा दिवस, फी फक्त अमुक इतकी, सर्टिफिकेट आणि शिफारसपत्र मोफत, ओजेटीला चालेल.’ पोरं पैसे भरतात, चार व्हिडिओ बघतात, रंगीत सर्टिफिकेट डाउनलोड करतात. कॉलेज ते फाइलला लावतं. चार क्रेडिट मिळाले. पोराला काय आलं? काही नाही. त्याला न ओळखणाऱ्या माणसानं त्याचं शिफारसपत्र लिहिलं. आमच्या शेजारच्या एका कॉलेजात तर वर्गशिक्षकांनीच अशी लिंक ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘सर्वांनी हेच करावे, म्हणजे फाइल एकसारखी होईल.’ फाइल एकसारखी! पोरांचं काय होईल ते होवो.

त्याच वेळी जी पोरगी खरोखर मे-जूनचे आठ आठवडे एखाद्या प्रयोगशाळेत राबून येते, तिला काय ऐकावं लागतं? ‘हे आपल्या फॉरमॅटमध्ये बसत नाही.’ आठवड्याला ३५ तास धरले तरी २८० तास होतात. १२० च्या दुपटीहून जास्त. पण लेटरहेड वेगळं आणि रकाने वेगळे, म्हणून बसत नाही. पैसे भरून आणलेला कागद बसतो आणि घाम गाळून आणलेला बसत नाही, अशी जर आमची व्यवस्था असेल तर ती व्यवस्था पोरांना काय शिकवतेय हे वेगळं सांगायला नको.

आता पोरांनो, तुमच्याकडे वळतो. कारण सगळा दोष मास्तरांवर ढकलून तुमचा अर्ज भरला जाणार नाही.

पहिली गोष्ट, जायचं की नाही हे नीट ठरवा. संस्थेचं नाव मोठं म्हणून जाऊ नका. तिथे दोन महिने रोज काय करणार हे विचारा. खरं संशोधनाचं काम बहुतांश कंटाळवाणं असतं. पहिले दोन आठवडे नुसतं वाचायचं, कॉम्प्युटरवर काहीतरी बसवायचं, ते बसत नाही म्हणून डोकं धरायचं. मग एकच मोजमाप पन्नासदा. शेवटच्या आठवड्यात जे हाती लागतं ते सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. ज्याला हे वाचून ‘अरे, हे बघायला हवं’ असं वाटलं, त्यानं जरूर जावं. ज्याला फक्त स्टेटसला फोटो हवाय, त्यानं जागा अडवू नये. आणि दोन महिने करून ‘हे आपलं काम नाही’ असं कळलं, तर तेही मोठं काम झालं. पाच वर्षं पीएचडीत घालवून कळण्यापेक्षा बरं.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. ज्यांच्याकडे जायचं ते मे-जूनमध्ये तिथे आहेत का, की परदेशी असणार? रोज शेजारी बसून शिकवणारं कोण, कारण बहुतेक वेळा ते काम पीएचडी करणारे दादा-ताईच करतात? आणि दिलेलं काम आठ आठवड्यांत कुठल्यातरी टोकाला पोचेल एवढं लहान आहे का? लहान संस्थेतला वेळ देणारा मार्गदर्शक हा मोठ्या संस्थेतल्या न भेटणाऱ्या माणसापेक्षा कधीही चांगला.

आणि फक्त बेंगळुरू-मुंबईकडे बघू नका. वनस्पतिशास्त्रवाल्यांनो, राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, नागपूरला लिंबूवर्गीय फळांची संस्था आणि कापसाचीही. पर्यावरणवाल्यांना नागपूरलाच नीरी. रसायनवाल्यांना पुण्याची एनसीएल, हवामानवाल्यांना पाषाणची आयआयटीएम, समुद्राचं वेड असेल तर गोव्यात दोनापावलाची एनआयओ. तुमच्या शेतातल्या पिकावर जिथे संशोधन चालतं तिथे तुम्ही काम मागायला गेलात, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं असं काहीतरी असतं जे शहरातल्या पोराकडे नसतं. थेट ईमेल करून विचारता येतं. मात्र ‘रिस्पेक्टेड सर, युवर एस्टीम्ड लॅब’ असा एकच मजकूर दोनशे जणांना पाठवू नका. ते लोक पहिल्या ओळीत ओळखतात. पाचच जण निवडा, प्रत्येकाचा एक शोधनिबंध पूर्ण समजला नाही तरी चिकाटीनं वाचा, आणि त्यातलं काय कळलं, काय अडलं ते दोन ओळींत लिहा.

अर्जात ‘का यायचंय’ ते थोडक्यात लिहावं लागतं. तिथे ‘लहानपणापासून मला ताऱ्यांचं आकर्षण’ असं लिहू नका. सगळेच तसं लिहितात. तुम्ही काय केलंय ते लिहा. आणि इथेच आपली खरी पंचाईत होते, कारण आपण बहुतेकांनी काही केलेलंच नसतं. आपली प्रॅक्टिकलं म्हणजे काय ते तुम्हालाही माहितीय आणि आम्हालाही. सिनिअरचं जर्नल घ्यायचं, उत्तर आधी बघायचं, मग त्या उत्तराला शोभतील अशी रीडिंगं मागून तयार करायची. लोलकाच्या प्रयोगात सगळ्या वर्गाचं ‘जी’ बरोब्बर ९.८ येतं. स्टॉपवॉच बिघडलेलं असलं तरी ९.८ येतं!

एका वर्षी माझ्या वर्गात एकीचं ‘जी’ आलं १०.८ च्या वर. बाकीच्यांनी तिला सांगितलं, खोडून टाक, सर चिडतील. तिनं खोडलं नाही. दोन दिवस परत परत मोजत बसली. शेवटी तिच्याच लक्षात आलं की गोळा सोडताना ती ‘शून्य’ म्हणायच्या ऐवजी ‘एक’ म्हणत होती. म्हणजे १९ आंदोलनांचा वेळ २० चा म्हणून लिहिला जात होता. आंदोलनकाल कमी आला, आणि ‘जी’ त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे सुमारे ११ टक्क्यांनी वाढला. ९.८ चे १०.८ च्या वर कसे गेले त्याचा हिशेब तिनं मांडून दाखवला.

हे संशोधन आहे. एवढंच असतं ते. चुकलेल्या आकड्याला न घाबरता त्याचा माग काढणं. तिचं शिफारसपत्र लिहायला मला दहा मिनिटं लागली, कारण लिहायला काहीतरी होतं. आमच्यातले बहुतेक लोक काय लिहितात? ‘विद्यार्थी सालस, होतकरू व आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे.’ अहो, प्रयोगशाळेला आज्ञाधारक पोरगा नकोय, विचारणारा हवाय! एक खरा प्रसंग लिहा. या पोरानं अमुक वेळी अमुक शंका काढली, अमुक बिघडलेलं यंत्र दुरुस्त केलं. आणि तसा प्रसंग एकाही पोराबद्दल आठवत नसेल, तर आपण वर्षभर काय शिकवलं हा प्रश्न स्वतःला विचारा.

तयारीसाठी पैसे लागत नाहीत. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे, त्यात लिनक्स, लेटेक, पायथन यांसारख्या गोष्टी फुकट शिकता येतात, आणि त्यातलं बरंच मराठीतून आहे. एनपीटीईएलची व्याख्यानं फुकट बघता येतात. भौतिकशास्त्र आणि गणिताचे शोधनिबंध ‘अर्काइव्ह’वर फुकट मिळतात. नोव्हेंबर ते एप्रिल रोज एक तास दिला तरी मे महिन्यात तुम्ही कोरे जाणार नाही. थोडं पायथन, आलेख काढता येणं, मोजमापातली त्रुटी सांगता येणं आणि रोजच्या रोज वहीत तारीख घालून लिहायची सवय. पहिल्या दिवसाला एवढी शिदोरी पुष्कळ झाली.

आता आईबापांशी बोलतो. ‘सर, दोन महिने पोरगी एकटी बेंगळुरूला? आणि मिळणार काय?’ हे मी बऱ्याच बापांकडून ऐकलंय. प्रश्न रास्त आहे, त्याला हसू नये. दादा, राहायची जागा कुठली, हॉस्टेल मुलींचं वेगळं आहे का, आणखी किती मुली तिथे येणार आहेत, हे सगळं आधी लेखी विचारता येतं, आणि विचारावं. मिळणार काय, तर पुढे एमएस्सीच्या, पीएचडीच्या मुलाखतीत तिला ‘तू काय केलंयस’ असं विचारतील तेव्हा सांगायला स्वतःचं काहीतरी असेल. आणि जिला आजवर सगळे ‘कुणाची मुलगी’ म्हणून ओळखत आले, तिला पहिल्यांदा तिच्या कामावरून ओळखणारी माणसं भेटतील.

पण काही घरांत प्रश्न परवानगीचा नसतो, पैशाचा असतो. पोरगा उन्हाळ्यात दुकानात, शेतात, गाडीवर काम करतो तेव्हा पुढच्या वर्षाची फी निघते. त्याला ‘जा रे संशोधनाला’ म्हणणं सोपं आहे. विद्यावेतन मिळतं, पण बऱ्याच ठिकाणी पूर्ण रक्कम शेवटी, अहवाल दिल्यावर हातात येते. हॉस्टेलची अनामत आणि मेसचे पैसे मात्र पहिल्याच दिवशी लागतात. म्हणजे ज्याच्या घरात दहा-पंधरा हजार रुपये बाजूला पडलेत त्यालाच ‘फुकट’ शिष्यवृत्ती परवडते. निवड होऊनही पोरं जात नाहीत ती इथे. आपण समजतो पोरगा घाबरला.

म्हणून कॉलेजांकडे, संस्थाचालकांकडे आणि विद्यापीठांकडे माझ्या सरळ पाच मागण्या आहेत. एकालाही शासनाच्या निधीची वाट बघावी लागत नाही.

१. दरवर्षी १ ऑक्टोबरला प्रत्येक विज्ञान विभागाबाहेर उन्हाळी संशोधनाच्या जागा आणि त्यांच्या तारखा लावा. मराठीत लावा. एका शिक्षकाचं नाव खाली लिहा, म्हणजे पोरांना कुणाला विचारायचं ते कळेल.

२. पैसे घेऊन सर्टिफिकेट देणाऱ्यांचा एकही कागद क्रेडिटसाठी धरू नका. अशी लिंक टाकणाऱ्या शिक्षकाला जाब विचारा.

३. मान्यताप्राप्त संशोधन संस्थेत केलेलं दोन महिन्यांचं काम ओजेटीत धरा. फॉरमॅट बदलायचा असेल तर तो कॉलेजनं बदलावा, पोराच्या कामाला कात्री लावू नये.

४. माजी विद्यार्थी संघानं एक फिरता निधी करावा. निवड झालेल्या पोराला अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च उसना द्यायचा, विद्यावेतन आलं की त्यानं परत करायचा. मेळाव्याच्या मंडपावर होणाऱ्या खर्चात दोन-तीन पोरं जाऊन येतील.

५. विद्यापीठांनी परीक्षा वेळेवर संपवाव्यात. पेपर मे महिन्यात रेंगाळतात, प्रॅक्टिकल त्याच्याही पुढे, आणि तिकडे प्रयोगशाळेत रुजू व्हायची तारीख निघून जाते. तसं झालंच तर निदान ‘परीक्षा अमुक तारखेला संपेल’ असं लेखी पत्र दोन दिवसांत मिळावं. बोनाफाईड आणि एनओसीसाठी पोरानं ‘साहेब रजेवर आहेत’ हे किती वेळा ऐकायचं?

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील, ‘सर, जागा थोड्या, अर्ज भरमसाट, आपल्या पोरांची निवड होणारच नाही.’ नाही होणार काहींची. बऱ्याच जणांची नाही होणार. मग त्यांना आपल्याच विभागात आठ आठवडे काम द्या. मे महिन्यात गावातल्या दोन विहिरींची पाणीपातळी रोज ठरलेल्या वेळेला मोजणं, तापमान आणि उपसा लिहून ठेवणं, त्याचा आलेख काढून तो तसा का आला हे सांगणं, यात कुठलं परदेशी यंत्र लागतं? एक दोरी, एक टेप, एक वही आणि आकडा न खोडण्याचा निश्चय लागतो. असं काम केलेलं पोर पुढच्या वर्षी अर्ज भरेल तेव्हा त्याच्याकडे लिहायला काहीतरी असेल. अर्जच न भरणाऱ्याचा नकार मात्र आपण घरबसल्या आपल्याच हातानं लिहितो.

या प्रयोगशाळा करदात्यांच्या पैशावर चालतात. त्यात कॉफीच्या बिलावरचा कर आहे तसा आमच्या गावच्या किराणा दुकानातल्या साबणावरचाही आहे. तिथल्या खुर्च्यांवर बसायचा हक्क मागायला आपल्या पोरांनी लाजायचं काही कारण नाही. आणि तो हक्क आहे हे त्यांना न सांगणाऱ्यांनी मात्र जरूर लाजावं.

तुमच्या घरात, गल्लीत, भावकीत कुणी बीएस्सीला असेल तर आज त्याला एवढं विचारा, ‘अकादमीच्या उन्हाळी शिष्यवृत्तीची तारीख बघितलीस का?’ तारखा दरवर्षी मागेपुढे होतात, त्यामुळे संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच बघायला सांगा, फॉरवर्डवर विसंबू नका. आणि पोस्ट शेअर करायची असेल तर आधी कॉलेजच्या ग्रुपवर टाका, जिथे प्राचार्यही आहेत.